ही गोळी कुणी लिहून दिली?

३ सप्टेंबर

आत्या,

तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहितेय. आजचा धरून अकरा वेळा केला. तोंडी सांगितलेलं औषध द्यायचं नाही, कागद आण म्हणायचं, हे तूच दुकानात शिकवलंस. तर हा घे कागद.

आधी मुद्द्याचं लिहिते, कारण पहिल्या चार ओळी वाचून तू पत्राची घडी करशील अशी भीती आहे. समोरच्या टेलरकाकांचा फोन आला होता. म्हणाले, "तुझी आत्या हल्ली काउंटर धरल्याशिवाय उठत नाही. परवा शिडीवरून उतरताना दोन पायऱ्या राहिल्या आणि मटकन खाली बसली. मी धावत गेलो तर मलाच म्हणते, बघताय काय, गोळी पडलीय ती शोधतेय."

आत्या, कुठली गोळी? तू सध्या किती औषधं घेतेस? मी दुकान सोडलं तेव्हा सात होती. काका म्हणतात, डबा आता बंद होत नाही.

माझं इथलं काम हेच आहे, म्हणून विचारतेय. खोचकपणे नाही. सकाळी दहाला कानाला हेडफोन लावायचा. पडद्यावर एकेक करून म्हातारी माणसं येतात, बहुतेकांना आठ-दहा औषधं चालू असतात. मी म्हणते, "घरात असतील तेवढी सगळी औषधं टेबलावर काढा. फ्रीजमधली, उशीखालची, पर्समधलीसुद्धा." मग एकेक गोळी कॅमेऱ्यासमोर धरायची आणि मी तीन प्रश्न विचारायचे. कशासाठी घेता? कधी घेता? ही कुणी लिहून दिली?

पहिल्या दोन प्रश्नांना माणसं भराभर उत्तरं देतात. तिसऱ्याला अडखळतात. काल एक आजी म्हणाल्या, "ही होय? ही माझ्या विहीणबाईंची. त्यांना गुण आला." मी विचारलं, त्यांचं आणि तुमचं दुखणं एकच आहे का? तर म्हणाल्या, "छे! आमचं एकाही बाबतीत पटत नाही. त्यांच्याकडून घेण्यासारखी तेवढी गोळीच काय ती."

तू रागावली आहेस हे मला माहीत आहे. शाळेतल्या घंटावाल्या आजोबांच्या अहवालावरूनच ना? त्यांचं नाव माझ्या यादीत योगायोगाने आलं. रक्तदाबाचं एकच औषध दोन कंपन्यांच्या दोन नावांनी ते रोज घेत होते. खुर्चीतून उठताना चक्कर आली, मनगट मोडलं. मग मी अहवालात काय लिहायचं होतं? "औषध दुकानातून दुहेरी दिलं गेलं" असं लिहिलं आणि नियमाप्रमाणे डॉक्टरांना पाठवलं. डॉक्टर तो कागद घेऊन थेट दुकानात येतील हे मला कसं कळणार? गिऱ्हाइकांसमोर तू म्हणालीस, "माझ्या दुकानातून गेलं, म्हणजे माझी चूक." काकांनी तेही सांगितलं.

त्या अहवालात एक अक्षर खोटं नाही, आत्या. मी तीनदा वाचून पाठवला होता.

डब्यातली औषधं एकदा मला दाखव. एवढंच मागते.

तुझी
शंकासूर


१२ सप्टेंबर

आत्या,

पत्र मिळालं असणार. पोस्टमन तुझ्याकडून खोकल्याचं औषध नेतो, तो चुकवणार नाही.

काकांना मी रोज फोन करते असं समजू नकोस. दिवसाआड करते. काल ते म्हणाले, तुझे पाय सुजतात, दुपारी चपलेचा पट्टा सैल करून बसतेस. आणि दिवसातून सात-आठ वेळा दुकान अर्धवट सोडून आत जातेस. "गिऱ्हाईक उभं आणि ही गायब," असं म्हणाले. हे दोन्ही नवं आहे. मी होते तेव्हा तू सकाळी बसलीस की जेवायलाच उठायचीस.

मी लांबून निदान करत नाहीये. तो आपला प्रांत नाही, हेही तुझंच वाक्य.

इथे रोज दोन-तीन जण तरी कॅमेऱ्यासमोर स्ट्रिपचा बिननावाचा तुकडा धरतात. चांदीसारखी मागची बाजू, त्यावर काहीही छापलेलं नाही. "ही कसली?" म्हटलं की म्हणतात, "पांढरी." इथल्या बाकीच्यांना वाटतं, दुकानदार निष्काळजी असतात. मला कारण माहीत आहे. दुकानदार नाव आणि तारीख नसलेल्या टोकाकडून कापतो, कारण उरलेली अर्धी दुकानात राहणार, तिच्यावर नाव हवं. दुकानाला नाव राहतं आणि माणसाला गोळी जाते. म्हणून तर तुझा नियम होता की तुकडा कागदी पाकिटात घालायचा आणि पाकिटावर नाव, वेळ, तारीख आपल्या हाताने लिहायची. इतर दुकानांत हे करत नाहीत, हे मला इथे येऊन कळलं. मला वाटायचं, सगळं जग असंच करतं.

सगळं जग तुझ्या दुकानासारखंच असणार, असं मला बऱ्याच बाबतीत वाटायचं. आई-बाबा कामावर गेले की मी दिवसभर तुझ्या काउंटरमागे. शाळेत नाव घालायच्या आधी मी खोक्यांवरून अक्षरं शिकले. बाकीची मुलं कमळ, गवत, घर वाचायची आणि मी "थंड व कोरड्या जागी ठेवा" वाचायचे. नऊ वर्षांची असताना मी पहिली स्ट्रिप कापली. तिचं टोक एका आजीच्या बोटात गेलं, रक्त आलं आणि त्यांच्यापेक्षा जास्त मी रडले. त्या दिवसापासून मी प्रत्येक तुकड्याचे चारही कोपरे गोल कापते. तू हसायचीस. "कोपरे कापत बस तू. तोवर गिऱ्हाईक बरं होऊन घरी जाईल." तू स्वतः कधी कापले नाहीस.

घंटावाल्या आजोबांच्या हातातला तुकडाही बिननावाचा होता. उजवा हात प्लास्टरमध्ये, म्हणून डाव्या हाताने धरला होता. दहातल्या चार गोळ्या उरल्या होत्या. गोळीवरचा आकडा मी मोठा करून वाचला आणि मग त्यांच्या जुन्या चिठ्ठीशी ताडून पाहिला. पाकिटावर नाव का नव्हतं कोण जाणे. अहवालाला त्या तुकड्याचा फोटो जोडला होता. डॉक्टरांनी तुला तो दाखवला का? नीट दिसत होता का?

असो.

मी इथे बरी आहे. खोलीत खिडकी आहे. कुलूप लावून तीनदाच ओढून पाहते, पूर्वी पाच वेळा ओढायचे.

तुझी
शंकासूर


१७ सप्टेंबर

आत्या,

तुझं पाकीट मिळालं. पत्ता तुझ्या अक्षरात, ओळ किंचित खाली उतरत गेलेली. आत पत्र असेल म्हणून मी उभ्या उभ्याच फाडलं. पत्र नव्हतं. रिकामा तुकडा होता, दहा गोळ्यांचा. चारही कोपरे गोल.

म्हणजे आजोबांनी आधी संपलेला तुकडा तुला परत आणून दिला होता. म्हणजे डॉक्टरांनी फोटो दाखवला त्या दिवशीच तुला कोपऱ्यांवरून कळलं होतं. गिऱ्हाइकांसमोर "माझी चूक" म्हणालीस तेव्हाही.

आता लिहिते. खाडाखोड झाली तर होऊ दे, दुसरा कागद घेणार नाही.

माझा दुकानातला शेवटचा दिवस होता. सकाळपासून एकेक जण निरोप द्यायला येत होतं. तू बँकेत गेली होतीस. आजोबा दोन चिठ्ठ्या घेऊन आले. एक जुनी, एक नवी. जुन्या कंपनीचा माल येणं बंद होणार म्हणून डॉक्टरांनी तेच औषध दुसऱ्या कंपनीच्या नावाने लिहिलं होतं. जुनी चिठ्ठी फाडून टाकायला हवी होती. तू असतीस तर दोन्ही चिठ्ठ्या शेजारी शेजारी ठेवल्या असत्यास, पेन कानामागे खोचून विचारलं असतंस, "आजोबा, हे जुळं कुठून आणलंत?" मी दोन्ही चिठ्ठ्यांवरचं औषध दिलं. नवीचं आख्खं खोकं आणि जुनीच्या वीस गोळ्या, पंधराच्या दोन स्ट्रिपमधून दहा-दहा कापून. ते म्हणाले, "पोरी, तिकडे गेलीस की आम्हाला विसरशील." मी रडत होते. डोळे पुसले, कोपरे कापले आणि पाकिटावर नाव लिहायचं राहिलं. कोपरे मात्र कापले, आत्या. आठच्या आठ.

तिसऱ्या आठवड्यात ते पडद्यावर आले. तुकडा वर धरला आणि गोळीवरचा आकडा वाचायच्याही आधी मला ते कोपरे दिसले. मला तेव्हाच कळलं. पुढची पंचवीस मिनिटं मी त्यांना सगळे प्रश्न बिनचूक विचारले, आवाजही हलला नाही. मग अहवाल लिहायला घेतला. "दुकानातून दुहेरी दिलं गेलं." कुणी दिलं, ते लिहायला रकाना नव्हता. रकाना नसला तरी खाली लिहायला भरपूर जागा होती.

नोकरीला लागून सतरा दिवस झाले होते. मला वाटलं, काढून टाकतील. मला वाटलं, दुकान म्हणजे कुणी माणूस नाही, दुकानाला काय होणार आहे? दुकान म्हणजे तू, एवढंसुद्धा त्या क्षणी मी आठवू दिलं नाही. कुलूप तीनदा ओढून पाहणारी मी, ती ओळ मात्र एकदाही ओढून पाहिली नाही. तीनदा वाचली असं तुला लिहिलं ना? वाचली. स्पेलिंग बघत होते.

तुझ्या पाकिटात एक शिवी तरी हवी होती.

मी


२८ सप्टेंबर

आत्या,

काय काय केलं ते क्रमाने लिहिते.

तुझं पाकीट आलं त्याच दिवशी मी आमच्या मोठ्या बाईंकडे गेले. त्या आम्हा सगळ्या फार्मासिस्टच्या वर आहेत, तीस वर्षं हॉस्पिटलात काढली आहेत. उगाच बोलत नाहीत. मी तुकडा टेबलावर ठेवला आणि सांगितलं. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला.

"हे मला एक महिन्याने का कळतंय?"

उत्तर सांगण्यासारखं नव्हतं. तेच सांगितलं. "घाबरले होते."

"आता नाही घाबरत?"

"आता जास्त घाबरलेय."

त्या म्हणाल्या, "मग बस. आधी आजोबांना फोन. मग कागद."

आजोबा आधी समजलेच नाहीत. मी तीनदा सांगितलं की तुमचं मनगट माझ्यामुळे मोडलं. मग म्हणाले, "मी चाळीस वर्षं शाळेत घंटा दिली. एकदा शेवटची घंटा अर्धा तास आधी दिली. अख्खी शाळा घरी. हेडमास्तरांनी विचारलं तर मी घड्याळाचं नाव सांगितलं. बिचारं नवं घड्याळ दुरुस्तीला गेलं." मी हसले नाही. ते म्हणाले, "हस की. पण एक सांगतो, हात अजून दुखतो. जेवताना डाव्या हाताने सांडतं आणि सून काही बोलत नाही, त्याचंच वाईट वाटतं." मी म्हटलं, हो. दुसरं काय म्हणणार? त्यांनी माफ केलं की नाही हे मला कळलं नाही आणि मी विचारलंही नाही. एरवी मी नक्की विचारलं असतं.

मग दुरुस्तीचा अहवाल लिहिला. वरच्या ओळीत माझं पूर्ण नाव, त्या दिवशी काउंटरवर मी एकटी होते, दोन्ही चिठ्ठ्यांवरचं औषध मी दिलं, पाकिटावर नाव मी लिहिलं नाही आणि पहिल्या अहवालात हे सगळं मी ठाऊक असून लपवलं. डॉक्टरांना पाठवला. एक प्रत यासोबत तुला. दुकानाच्या काचेवर लावायची असेल तर लाव.

नोकरी गेली नाही. महिनाभर मी स्वतः कुणाची औषधं तपासायची नाहीत. मोठ्या बाईंच्या शेजारी, कॅमेऱ्यात न दिसणाऱ्या बाजूला बसायचं आणि त्या बोलतील तशी यादी हाताने लिहून काढायची. मला वाटलं होतं, याची लाज वाटेल. पण चार दिवसांत झोप लागायला लागली.

आता तुझ्याबद्दल. मला तुझा डबा दाखव असं यापुढे म्हणणार नाही. तो हक्क मी घालवला. शिवाय नियमही आहे, नात्यातल्या माणसाची तपासणी आम्ही करू शकत नाही. पण मोठ्या बाईंचा नंबर खाली लिहिते. त्या मला काही सांगणार नाहीत. तू शिडीवर चढतेस, आत्या. वरच्या फळीवर वर्षातून एकदा खपणारी औषधं आहेत. त्यासाठी तू पडलीस तर ते दुकान माझ्यानं पुन्हा बघवणार नाही.

उत्तर नको. फोन कर, त्यांना.

तुझी


१४ ऑक्टोबर

आत्या,

काल तुला पडद्यावर फक्त मोठ्या बाई दिसत होत्या. मी त्यांच्या डाव्या हाताला दोन फुटांवर होते. तुला दिसलं नाही ते लिहिते.

सकाळी यादीत तुझं नाव वाचलं आणि माझ्या हातातलं पेन खाली पडलं. बाई म्हणाल्या, "बाहेर जायचं असेल तर जा. पण त्यांनी फोनवर विचारलं, यादी कोण लिहितं? मी सांगितलं. म्हणाल्या, चालेल."

मग तू दिसलीस. काउंटरमागे बसलेली, मागे वरची फळी, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. टेलरकाका फोन धरून होते. बाई म्हणाल्या, "हात स्थिर ठेवा हं." काका म्हणाले, "मॅडम, माझा हात तीस वर्षं सुईत दोरा ओवतोय, तो हलत नाही. हलतोय तो हिचा डबा." तू म्हणालीस, "तुम्ही गप्प बसा हो, नाहीतर तुमचीही गोळी शोधते." मी तोंडावर हात धरला. अडीच महिन्यांनी तुझा आवाज ऐकत होते.

डब्यातून अकरा निघाल्या. प्रत्येक तुकड्यावर नाव आणि तारीख. दुकानात उरलेली टोकं. गिऱ्हाइकांना गोळ्या देऊन झाल्या की मागे राहणारी नावाची अर्धी तू वर्षानुवर्षं खात आलीस, हे मी काउंटरमागे वाढूनही कधी बघितलं नव्हतं.

कशासाठी, कधी, कुणी लिहून दिली. तू धडाधड सांगत होतीस, मी लिहीत होते. डॉक्टर, डॉक्टर, हाडांचे डॉक्टर, डॉक्टर. आठवी गोळी लहान, पांढरी. बाईंनी विचारलं, "ही?"

"लघवीची. पायांना सूज येते म्हणून."

"सूज कधीपासून?"

"रक्तदाबाची नवी गोळी चालू झाली, त्यानंतर दोन-तीन आठवड्यांत."

बाईंनी पेन खाली ठेवलं. मीही ओळखलं आणि तूही. इतकी वर्षं दुकानात बसलेल्या तुला हे कुणी समजावून सांगावं लागत नाही. एका गोळीने पाय सुजले, सुजेसाठी दुसरी, दुसरीने सारखं उठायचं, उठलं की डोळ्यांपुढे अंधार.

"ही गोळी कुणी लिहून दिली?"

मी कागदाकडे बघत राहिले, रकाना रिकामा. दुकानात एक गिऱ्हाईक आलं असावं, "आहे का कुणी?" असा आवाज आला. काका म्हणाले, "थांबा जरा." तू चष्मा काढलास, पदराने पुसलास, परत लावलास.

"कुणी नाही," तू म्हणालीस. "चिठ्ठी नाही. मीच काढून घेतली फळीवरून. जन्मभर लोकांना चिठ्ठीशिवाय गोळी दिली नाही मी. दारातून परत पाठवली माणसं. एका बाईने तर शाप दिला. आणि स्वतः घेतली."



मग तू सरळ कॅमेऱ्यात बघितलंस, पण बाईंकडे नाही, थोडं बाजूला. मी कुठे आहे हे तुला कसं कळलं?

"तिथे शंकासूर बसलीय ना? तिला म्हणावं, पूर्ण लिही. मागच्यासारखं अर्धं नको."

मी लिहिलं. अक्षर वेडंवाकडं आलं आहे, मूळ प्रत तशीच यासोबत पाठवतेय, टाईप केलेली नाही. आठव्या ओळीत "कुणी लिहून दिली" खाली लिहिलंय, "चिठ्ठी नाही, स्वतः घेतली." तुझ्या बोलण्यातला एकही शब्द वगळला नाही आणि एकही वाढवला नाही.

डॉक्टरांचं उत्तर आज सकाळी आलं. लघवीची गोळी बंद, रक्तदाबाची बदलली आहे. नव्या गोळीची चिठ्ठी ते पाठवताहेत. ती चिठ्ठी हातात आल्याशिवाय फळीवरून काढू नकोस. पंधरा दिवस सकाळी आधी बसून आणि मग उभं राहिल्यावर, असा दोनदा रक्तदाब मोजायचा. काका आकडे लिहून ठेवतील, त्यांनी त्यासाठी मापाची वही उघडली आहे. कंबर, छाती, बाही यांच्या शेजारी तुझा रक्तदाब. शिडी त्यांनी आपल्या दुकानात नेली, हे मला त्यांनी सांगितलं नाही असं समज.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी मी येतेय. वरची फळी खाली उतरवायला. दोन दिवस लागतील.

तुझ्या डब्यात एक तुकडा होता, सहावा, हाडांच्या गोळीचा. बाईंनी कॅमेऱ्याजवळ धरायला सांगितला, म्हणून मोठा दिसला. नाव होतं, तारीख होती. आणि कोपरे कापलेले होते, चारही. ओबडधोबड, घाईत कापल्यासारखे, एक तर तिरकाच. माझ्या हातचे नव्हते.

ते मी यादीत लिहिलं नाही. तिथे खरंच रकाना नव्हता.

तुझी
शंकासूर